कॅलेंडरचा रिमाइंडर बाकीच्या विंडोंच्या मागे उघडतो, काय करावं?

पारिजातक

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. दर महिन्याच्या कर आणि विवरणपत्रांच्या सगळ्या तारखा आउटलुकच्या कॅलेंडरात टाकलेल्या आहेत: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. शिवाय क्लायंटचे कॉल आणि मीटिंगा. रिमाइंडर पंधरा मिनिटं आधीचा असतो आणि वेळेवर येतोही. पण त्याचा पॉपअप टॅली किंवा एक्सेलच्या मागे उघडतो. एकाच हॉलमध्ये सगळे बसतो म्हणून कॉम्प्युटरचा आवाज बंद असतो, त्यामुळे टिंग झालेलंही कळत नाही. संध्याकाळी एकेक विंडो बंद करत गेलं की सगळ्यांच्या खाली हा सापडतो, त्यात दुपारच्या कॉलपुढे लाल अक्षरांत 'ओव्हरड्यू'.

खाली टास्कबारवर आउटलुकचं चिन्ह केशरी होतं, ते मला माहीत आहे. पण मेल उघडी असते, दोन-तीन उत्तरं अर्धवट लिहिलेली असतात, ते सगळं त्या एकाच चिन्हाखाली गोळा झालेलं असतं. त्यातलं केशरी नेमकं कशामुळे झालं हे त्यावर माउस नेल्याशिवाय कळत नाही. आणि महिनाअखेरीला तिकडे बघायला वेळ कुणाला असतो?

आमच्या कामात तारीख चुकली तर भुर्दंड क्लायंटला बसतो. ३बी ला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. म्हणून विचारते:

हा पॉपअप कायम सगळ्यांच्या वर ठेवायची काही सोय आहे का? आणि ज्याचं कामच आठवण करून देणं आहे त्याने मागे उभं राहावं, हे तुम्हाला पटतं का?

कीबोर्डकर

आवृत्ती कोणती आहे? २०१९ किंवा पुढची, किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फाइल → ऑप्शन्स → ॲडव्हान्स्ड. तिथे 'रिमाइंडर्स' असा भाग आहे, त्यात 'शो रिमाइंडर्स ऑन टॉप ऑफ अदर विंडोज' या चौकटीत टिक करा आणि ओके म्हणा. एकदा आउटलुक बंद करून उघडा.

नाममात्र

+१. हेच लिहायला आलो होतो.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, आमच्या हापिसात चायवाला बरोब्बर चार वाजता येते. त्याले कोणतीच विंडो आडवी येत नाही. चाय आली का चारची मीटिंग सुरू. :)

पारिजातक

@कीबोर्डकर, धन्यवाद! बघितलं. माझ्याकडे तिथे 'शो रिमाइंडर्स' आणि 'प्ले रिमाइंडर साउंड' एवढ्या दोनच चौकटी आहेत. अकाउंटच्या पानावर २०१६ दिसतंय.

@वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या चायवाल्याला पुण्याला पाठवा.

निवृत्तबाबू

मोबाइलवर गजर लावावा. आम्ही बँकेत असताना टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करायचो आणि सकाळी आल्याबरोबर पहिलं तेच बघायचो. कॉम्प्युटरवर इतकं विसंबून राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पारिजातक

काका, ३बी सारख्या ठरलेल्या तारखांना ते चालतं, माझ्याही टेबलावर कॅलेंडर आहे. पण क्लायंटने मीटिंग साडेतीनची पाचला ढकलली की आउटलुकमध्ये वेळ आपोआप बदलते आणि रिमाइंडरही बदलतो. फोनचा गजर मलाच आठवणीने बदलावा लागतो. दिवसात दोन-तीन मीटिंगा इकडच्या तिकडे झाल्या की गजरांचा भरवसा राहत नाही.

कीबोर्डकर

२०१६ मध्ये ती चौकट नाही. पण दुसरे मार्ग आहेत, त्याआधी हे असं का होतं ते सांगतो. कारण कळलं की कुठला उपाय घ्यायचा हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

विंडोज ९५ मध्ये कुठलाही प्रोग्राम मनात येईल तेव्हा स्वतःला पुढे आणू शकत असे. तुम्ही पत्र टाइप करताय, नजर कागदावर आहे, तेवढ्यात दुसरीच विंडो पुढे आली आणि अर्धं वाक्य तिच्यात टाइप झालं. एंटर दाबला तर तिच्यातलं जे बटण निवडलेलं असेल ते दाबलं गेलं. म्हणून विंडोज ९८ आणि २००० पासून नियम आला: माणूस ज्या विंडोत काम करतोय ती पुढे राहणार. मागच्या प्रोग्रामने पुढे यायची विनंती केली तर विंडोज त्याला अडवतं आणि टास्कबारवरचं त्याचं चिन्ह लुकलुकवतं.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवतं तिथे, 'कंट्रोल पॅनेल'च्या 'डेस्कटॉप'खाली याची दोन मूल्यं आहेत. 'फोरग्राउंडलॉकटाइमआउट', मूळ किंमत २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद. शेवटची कळ दाबल्यापासून इतका वेळ जाईपर्यंत दुसऱ्या कुणाला पुढे येऊ द्यायचं नाही. आणि 'फोरग्राउंडफ्लॅशकाउंट', मूळ किंमत ७. म्हणजे चिन्ह सात वेळा लुकलुकतं आणि मग केशरी होऊन गप्प बसतं. तुम्हाला दिसतं ते केशरी हेच.

म्हणजे तुम्ही जितक्या मन लावून टाइप करत असाल तितकी रिमाइंडर मागे राहण्याची शक्यता जास्त. नेमकी गरज असते तेव्हाच तो दिसत नाही, कारण नियम कामात असलेल्या माणसाला जपण्यासाठीच केलेला आहे.

नेटवर काही जण पहिलं मूल्य शून्य करा असं सांगतात. मी सांगणार नाही. ते केलं की फक्त रिमाइंडर पुढे येत नाही, अपडेट मागणारे, जाहिरात दाखवणारे, सगळेच पुढे येतात.

समई

मला तर तो मागेच हवा बाई. मी एचआरमध्ये आहे, दिवसभर स्क्रीन शेअर करून बोलत असते. समोर पंधरा माणसं बघताहेत आणि मधोमध पॉपअप: 'डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवणे'. किंवा त्याहून वाईट, 'अमक्याच्या राजीनाम्याबद्दल चर्चा', आणि तो अमका त्याच कॉलवर! त्यामुळे पारिजातक, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, मला पटतं.

नाममात्र

नोंद 'प्रायव्हेट' केली तर?

समई

त्याने फक्त आपलं कॅलेंडर बघणाऱ्या इतरांना तपशील दिसत नाही. आपल्या स्क्रीनवरच्या रिमाइंडरमध्ये विषय पूर्ण येतो, आणि शेअर केलेली स्क्रीन ही आपलीच स्क्रीन.

सह्यवेडा

समईताई, पूर्ण स्क्रीन शेअर करण्याऐवजी एकच विंडो शेअर करा. मग वर काहीही आलं तरी समोरच्यांना दिसत नाही. मी कायम तसंच करतो.

समई

करते, पण एक्सेलमधून पीपीटीत, तिथून ब्राउझरमध्ये असं सतत फिरावं लागतं. दर वेळी शेअरिंग थांबवून परत सुरू करायचं म्हणजे लोक कंटाळतात. तरी नाजूक कॉलला यापुढे तेच करीन.

स्पर्श

मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करतो. या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं.

तुम्हाला निदान चिन्ह केशरी झालेलं दिसतं. मला फोकस जिथे आहे, म्हणजे टाइप केलेलं ज्या विंडोत जातं, तिथलंच ऐकू येतं. मागे एखादी विंडो उघडली आणि फोकस तिच्याकडे गेला नाही, तर माझ्यासाठी ती उघडलीच नाही असं समजा. चिन्हाचा रंग बदलून मला काहीच कळत नाही. उलट पॉपअप फोकस घेऊन पुढे आला तर माझं टाइप केलेलं त्याच्यात जातं, आणि स्पेस किंवा एंटर दाबला की रिमाइंडर न ऐकताच 'डिसमिस' होतो. दोन्हीकडून पंचाईत. कीबोर्डकरांनी सांगितलेला नियम का केला असेल हे मला रोज अनुभवाला येतं.

मी रिमाइंडरचा आवाज चालू ठेवतो, एका कानात इअरफोन घालून. तो आवाज आला की ऑल्ट-टॅब, 'रिमाइंडर' ऐकू येईपर्यंत. विंडोजच्या साध्या सूचना, म्हणजे कोपऱ्यात येतात त्या, एनव्हीडीए आपणहून वाचतो आणि फोकसही हलत नाही. मला ती पद्धत सगळ्यात बरी वाटते. फक्त त्या मूळ सेटिंगमध्ये पाच सेकंदांत जातात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज → ॲक्सेसिबिलिटी → व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये ही वेळ पाच मिनिटांपर्यंत वाढवता येते. ती सोय डोळसांनाही उपयोगी आहे.

पारिजातक, तुम्हाला आवाज चालत नसेल तर तिथेच 'ऑडिओ'मध्ये, सूचनेचा आवाज झाला की स्क्रीन एकदा चमकवायची सोय आहे.

पारिजातक

स्पर्श, फार चांगलं लिहिलंत. एका कानात इअरफोन ही गोष्ट उद्यापासूनच करण्यासारखी आहे.

कीबोर्डकर

स्पर्श यांच्या प्रतिसादातला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. वर दिसणं आणि फोकस घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये एखाद्या विंडोला 'टॉपमोस्ट' करता येतं. ती सगळ्यांच्या वर राहते, पण टायपिंग जिथे चालू आहे तिथेच चालू राहतं. टास्क मॅनेजरमध्ये 'ऑलवेज ऑन टॉप' असतं ना, तसंच. रिमाइंडरला एवढंच हवंय: दिसावा, पण कीबोर्ड हिसकावून घेऊ नये.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे सासूबाईसारखं. समोर बसून राह्यचं पन सुनेच्या हातातला झारा घ्यायचा नाही. (हलके घ्या)

समई

ठेचाभाऊ, अशी सासू कुठे मिळते तेही लिहा.

मुळा_मुठा

गूगल कॅलेंडर वापरणाऱ्यांसाठी. सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या भागात दोन प्रकार मिळतात: 'डेस्कटॉप नोटिफिकेशन्स' आणि 'अलर्ट्स'. अलर्ट हा त्या टॅबच्या आतला पॉपअप असतो. पूर्वी तो आला की ब्राउझर तो टॅब पुढे आणायचा. आता क्रोम तसं करत नाही, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या टॅबवर असाल तर अलर्ट तिकडेच पडून राहतो. म्हणून डेस्कटॉप नोटिफिकेशनच ठेवा.

आणि कॅलेंडरचा टॅब उघडा असायला हवा. क्रोमचा मेमरी सेव्हर बराच वेळ न वापरलेले टॅब झोपवतो, मग सूचना कुठून येणार? सेटिंग्ज → परफॉर्मन्समध्ये कायम जागं ठेवायच्या साइट्सची यादी आहे, त्यात कॅलेंडरचा पत्ता टाका.

नाममात्र

मॅकवाल्यांसाठी भर: तिथे सूचनेचे 'बॅनर' आणि 'अलर्ट' असे दोन प्रकार असतात. बॅनर आपोआप जातो, अलर्ट आपण हात लावेपर्यंत राहतो. कॅलेंडरला अलर्ट ठेवायचा. आणि समई, स्क्रीन शेअर करताना सूचना दाखवायच्या की नाही याची वेगळी सेटिंग तिथे आहे.

डब्लिनकर

अवांतर, पण रिमाइंडरवरूनच आठवलं.

पॉपअप समोर आला तरी वेळच वेगळी निघाली तर? अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. भारतात जातच नाहीत. न्यूयॉर्कच्या टीमने सकाळी नऊची मीटिंग ठेवली तर हिवाळ्यात ती भारतात संध्याकाळी साडेसातला आणि उन्हाळ्यात साडेसहाला. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क बदललेलं असतं आणि आम्ही युरोपवाले बदललेले नसतो, तेव्हा आमच्या इथे दोनची मीटिंग एकला येते. त्या दिवसांत मुंबईच्या सहकाऱ्यांचे 'अरे, आज कुणी आलं नाही का?' असे मेसेज येत राहतात.

मीटिंग बनवणाऱ्याच्या गावचा टाइमझोन तिला चिकटलेला असतो. भारतातल्या लोकांची वेळ हलू नये असं वाटत असेल तर मीटिंग भारतातल्या कुणीतरी बनवावी.

निवृत्तबाबू

ही माहिती नवीन कळली. माझी मुलगी न्यू जर्सीत असते, मार्चमध्ये तिचा फोन दर वर्षी एक तास लवकर का येऊ लागतो ते आज समजलं.

गोंयकार

पणजीहून. मी हॉटेलच्या रिझर्व्हेशनला आहे. आमच्याकडे वेगळाच प्रकार होता. लॅपटॉप टेबलावर असताना दोन स्क्रीन, घरी नेला की एक. रिमाइंडर मागच्या वेळी दुसऱ्या स्क्रीनवर होता म्हणून तो तिथेच उघडायचा, आणि ती स्क्रीन तर ऑफिसात राहिलेली. मागे लपण्याचा प्रश्नच नाही, तो स्क्रीनच्या बाहेर!

उपाय: ऑल्ट-टॅबने त्याच्यावर जायचं, मग विंडोज-शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण. तो दुसऱ्या स्क्रीनवर उडी मारतो. तसं झालं नाही तर ऑल्ट-स्पेस, मग एम, मग कुठलाही बाण एकदा दाबून माउस हलवायचा. विंडो माउसला चिकटून येते.

पारिजातक, तुमच्याकडे दोन स्क्रीन असतील तर हेही तपासून बघा.

पारिजातक

एकच आहे. पण हे लिहून ठेवते, आमचे आर्टिकल्स (शिकाऊ सीए) ऑडिटला लॅपटॉप नेतात, त्यांना लागेल.

सह्यवेडा

लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर विंडोच्या वर्तनाच्या सेटिंगमध्ये 'फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन' असं सरळ नावच आहे आणि त्याच्या पायऱ्या आहेत, अजिबात नको इथपासून एकदम कडकपर्यंत. शिवाय एकट्या एका विंडोसाठी नियम बनवता येतो: थंडरबर्ड या मेल प्रोग्रामच्या रिमाइंडरची विंडो 'कीप अबव्ह'. बाकी कुणाला हात न लावता. माझ्याकडे असंच आहे आणि गेली काही वर्षं तक्रार नाही.

विंडोजवर पॉवरटॉइज नावाचा मायक्रोसॉफ्टचाच मोफत संच आहे. त्यात विंडोज-कंट्रोल-टी दाबलं की समोरची विंडो सगळ्यांच्या वर खिळते.

कीबोर्डकर

पॉवरटॉइज चांगलंच आहे, पण इथे अडचण अशी की ती कळ दाबायला आधी पॉपअप समोर हवा. आणि तो दिसत नाही हाच तर प्रश्न.

२०१६ साठी मॅक्रो, म्हणजे आउटलुकमध्येच लिहायचा छोटा प्रोग्राम. आउटलुकमध्ये ऑल्ट-एफ११ दाबलं की व्हीबीए, म्हणजे तो लिहायची जागा, उघडते. 'धिसआउटलुकसेशन'मध्ये 'ॲप्लिकेशन रिमाइंडर' या घटनेवर कोड लिहायचा. दोन प्रकार आहेत.

पहिला: रिमाइंडरची विंडो तिच्या शीर्षकावरून शोधायची आणि टॉपमोस्ट करायची. यात दोन खाचखळगे. शीर्षकात आकडा असतो, एक रिमाइंडर असेल तर १, दोन असतील तर २, त्यामुळे फक्त '१' शोधणारा कोड दुसऱ्या रिमाइंडरला फसतो. आणि ही घटना पॉपअप दिसण्याच्या जरा आधी घडते, म्हणजे पॉपअप आधीपासून उघडा नसेल तर शोधायला गेल्यावर तो अजून आलेलाच नसतो. नेटवर मिळणारा कोड डकवून 'चालत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. ६४-बिट ऑफिस असेल तर कोडच्या सुरुवातीच्या घोषणांमध्ये (डिक्लेअर) 'पीटीआरसेफ' हा शब्द लागतो, तेही बघा.

दुसरा, सोपा: आउटलुकच्या पॉपअपच्या नादी लागायचंच नाही. त्याच घटनेवर आपला साधा मेसेज बॉक्स दाखवायचा, त्यात नोंदीचा विषय, आणि त्याला 'सिस्टममोडल' करायचं. असा बॉक्स टॉपमोस्ट असतो. तोटा एक: तो बंद करेपर्यंत आउटलुक अडून बसतं. आणि नोंद अपॉइंटमेंट आहे का हे आधी तपासा, नाहीतर फ्लॅग करून रिमाइंडर लावलेल्या प्रत्येक मेललाही बॉक्स येईल.

मॅक्रो बंद असतील तर आउटलुकच्या सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये, म्हणजे ट्रस्ट सेंटरमध्ये, सगळे मॅक्रो खुले करू नका. स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र बनवून कोडवर सही करा आणि फक्त सही केलेल्यांना परवानगी द्या. ऑफिसचं मशीन आहे, तेव्हा आयटीवाल्यांना विचारूनच.

समई

आणि तो बॉक्स स्क्रीन शेअरवर सगळ्यांना दिसेल. आधीच सांगून ठेवते.

कीबोर्डकर

दिसेल. पण तिथे काय लिहायचं हे आपल्या हातात असतं. विषयाऐवजी फक्त 'आउटलुक बघा' एवढंच लिहा. दोघींचंही काम होईल.

समई

हे मात्र आवडलं.

निवृत्तबाबू

माझ्या जावयाच्या मशीनवर रिमाइंडर अजिबातच येत नाहीत. मागे नाही, पुढेही नाही.

कीबोर्डकर

काका, तो प्रश्न निराळा. आउटलुक पूर्ण बंद करून विंडोज-आर दाबायचं आणि 'आउटलुक डॉट ईएक्सई', मग एक जागा सोडून '/क्लीनरिमाइंडर्स' अशी आज्ञा द्यायची, इंग्रजी अक्षरांत. सगळे रिमाइंडर पुन्हा नव्याने तयार होतात. दुसऱ्याने शेअर केलेल्या कॅलेंडरमधल्या नोंदींचे मात्र येत नाहीत.

पारिजातक

धागा वर काढते, कारण इथे झालेला निर्णय कळवायचा आहे.

आमच्या सरांना हा धागा दाखवला. आयटी बघणाऱ्या मुलाने मेसेज बॉक्सवाला मॅक्रो सही करून बसवून दिला. 'आउटलुक बघा' एवढंच लिहिलेलं, समईताईंची आठवण ठेवून. टॅलीत व्हाउचरची नोंद चालू होती आणि बॉक्स बरोबर मधोमध आला. या वेळचं ३बी आणि त्या दिवसाचे दोन्ही कॉल वेळेत झाले. मॅक्रो बसेपर्यंत इअरफोनवर काम भागवलं, स्पर्श यांचे खास आभार.

पण त्या मुलाने असंही सांगितलं की ऑफिस २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तेव्हा नवीन घ्यायलाच हवं. क्लायंटचे पॅन, बँकेचे तपशील सगळं आमच्याकडे असतं, त्यामुळे सरही तयार झाले. मग 'नवीन आउटलुक'च घ्यावं का? मॅक्रो तिकडे नेता येईल ना?

कीबोर्डकर

नाही. 'न्यू आउटलुक' म्हणून जे येतं त्यात व्हीबीए चालत नाही. घेताना मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा ऑफिस २०२४ घ्या आणि त्यातलं जुन्या धाटणीचं, 'क्लासिक' आउटलुक वापरा. त्यात मॅक्रोही चालेल. पण मग त्याची गरजच नाही, माझ्या पहिल्या प्रतिसादातली चौकट तिथे आहे. वर उजवीकडे 'ट्राय द न्यू आउटलुक' असं बटण दिसेल, ते सध्या चालू करू नका.

पारिजातक

कळलं. सरांना आजच सांगते.